देव देईल, पण आणणार कोण

देव देतो, याबद्दल ओब्दुलियाची तक्रार नव्हती. तक्रार एवढीच होती की तो घरपोच देत नाही.

सान तादेओ गावातल्या ननांच्या मठाच्या दाराशी ती बावीस वर्षं होती. आत सात नन. एकदा आत गेलेली बाई पुन्हा रस्त्यावर दिसत नसे. मठातून निघायची ती मागच्या अंगणातल्या कबरीतच. बाहेरच्या जगाशी संबंध काय तो भिंतीत बसवलेल्या एका फिरत्या लाकडी कपाटातून. बाहेरच्याने त्यात वस्तू ठेवायची आणि कपाट फिरवायचं, आतलीने ती उचलायची. तोंड कुणाचं कुणाला दिसायचं नाही, आवाज तेवढा यायचा. मठाच्या प्रमुख मादरे एस्कोलास्तिका. त्यांच्याशी ओब्दुलिया बावीस वर्षं दिवसातून चारदा बोलत होती, पण चेहरा तिने दोनदाच पाहिला होता, तोही मयतीच्या वेळी.

मठाचा नियम ऐकून शहाण्या माणसाने कपाळाला हात लावावा. जमीनजुमला ठेवायचा नाही. आठवड्याला पुरेल त्याहून जास्त साठवायचं नाही, उरलं तर वाटून टाकायचं. आणि कोठी पार रिकामी झाल्याशिवाय कुणाकडे मागायचं नाही. रिकामी झाली की मनोऱ्यातली लहान घंटा तीनदा वाजवायची आणि प्रार्थनेला बसायचं. गावात कुणाला तरी देव बुद्धी देणार, आणि तो काहीतरी आणून कपाटात ठेवणार.

"बघ ओब्दुलिया, दिलं की नाही देवाने?" कपाटात बटाटे आले की मादरे आतून म्हणत.

"दिलं तर. माझ्या गुडघ्यांवर बसून आला बिचारा, पाय दुखत असतील त्याचे."

कारण घंटा वाजली की प्रार्थनेला बसायच्या त्या नन. टोपली घेऊन बाजारात जायची ती ओब्दुलिया. तिथे ती काय बोलायची ते मादरेंच्या कानावर गेलं असतं तर त्यांनी तिला महिनाभर प्रायश्चित्त दिलं असतं. "कानात मक्याचे दाणे अडकलेत का गं तुमच्या? घंटा ऐकू आली नाही? आत म्हाताऱ्या उपाशी, आणि तुम्ही इथे ढिगावर ढीग रचून बसलाय. काढ ते बटाटे. ते किडके नकोत, वरचे काढ. स्वर्गात जायचंय ना, मग किडके देऊन कोण आत घेणार तुला?" बायका हसत, शिव्या देत, आणि देत. मग हीच शिव्या खाऊन आणलेली टोपली कपाटातून आत गेली की तिचं नाव कृपा व्हायचं.

पगार म्हणाल तर दाराजवळची एक खोली आणि आत शिजेल त्यातलं एक ताट. म्हणजे आत उपास पडला की बाहेरही पडला. व्रत त्यांनी घेतलेलं, ओब्दुलियाने काही घेतलेलं नव्हतं. तिचा नवरा केळीच्या मळ्यांत कामाला म्हणून खाली किनाऱ्याकडे गेला आणि तिकडेच दुसरा संसार थाटून बसला. तेव्हा आठवडाभर आसरा द्या म्हणून ती या दारात आली होती. तो आठवडा अजून संपायचा होता.

अशात दॉन एरिबेर्तो लार्रेआवर देवाची कृपा झाली.

दॉन एरिबेर्तोच्या पंधरा बसगाड्या होत्या. सान तादेओहून राजधानीला, क्विटोला जायचं तर त्याच्याच गाडीत कोंबून घ्यावं लागे. त्यातली एक पावसात घाटावरून घसरली, नेमका तो स्वतः पुढच्या सीटवर असताना. दरीत जायची ती एका निलगिरीच्या झाडाला अडकली. एरिबेर्तो तिथेच, तोंड खाली असताना, नवस बोलला. बाहेर निघाल्यावर गाडी ओढून काढायला आड येतं म्हणून ते झाड त्याने तोडून टाकलं. झाडाला नवस बोललेला नव्हता.

एका सकाळी तो चामड्याचं जाकीट घालून मठात आला आणि कपाटापुढे उभा राहिला. एवढ्या मोठ्या माणसाला लाकडाच्या फळीशी बोलायचं जरा जड जात होतं.

"मादरे, यापुढे ही घंटा वाजायची नाही," तो म्हणाला. "दर सोमवारी माझा ट्रक येईल. तांदूळ, तेल, साखर, मांस, डबाबंद मासे. तुम्ही फक्त प्रार्थना करा. शरमेची गोष्ट आहे, माझ्या गावात ननांनी भीक मागायची म्हणजे."

"देव तुमचं भलं करो," मादरे म्हणाल्या.

"तेवढी एक पाटी लावीन दारावर. संगमरवरी. 'या मठाचे अन्नदाते, लार्रेआ कुटुंब.' बस."

मग मादरे म्हणाल्या, "अन्नदाता तर वर आहे, दॉन एरिबेर्तो."

"वर आहे तो आहेच. त्याला सगळं जग ओळखतं. मी खाली राहतो, मला पाटी लागते."

ओब्दुलिया बाजूला उभी होती. तिला मनापासून वाटलं, हा पहिला माणूस जो सरळ बोलला.

मादरेंनी विचार करायला तीन दिवस मागून घेतले. तीन दिवसांनी पाद्री आन्सेल्मो येऊन कपाटाशी बोलून गेले. त्यांच्या चर्चच्या छपरावर नुकतीच एरिबेर्तोची नवी कौलं चढली होती, त्यामुळे त्यांना देवाची इच्छा स्पष्ट दिसत होती. मादरेंना आज्ञा पाळायची सवय. सोमवारी ट्रक आला, आणि दारावर पाटी चढली.

त्या दिवसांत ओब्दुलिया अंगाने भरली. आठवड्यातून तीनदा मांस. उन्हात खुर्ची टाकून ती दाराशी बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे डोळे अर्धे मिटून बघायची. बाजारात जायचं कारणच उरलं नाही. गेलीच कधी दोऱ्याबिऱ्यासाठी, तर बटाट्याच्या ढिगावर नजर न टाकता पुढे जायची. बटाटे विकणाऱ्या पेत्रोनाच्या थोरल्या मुलीच्या बाप्तिस्म्याला ओब्दुलिया धर्ममाता होती, तेव्हापासून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणायच्या. ती पेत्रोना एकदा ढिगामागून ओरडली, "कोमाद्रे, आता आमचे बटाटे दाताला लागतात वाटतं?"

"दाताला नाही लागत. डोळ्याला लागतात," ओब्दुलिया म्हणाली आणि चालू पडली. तिला ते उत्तर फार आवडलं. घरी येईपर्यंत तिने ते मनात तीनदा म्हणून पाहिलं.

कटकट एकच होती. नियम. सात म्हाताऱ्या खाऊन खाऊन किती खाणार? दर शनिवारी मादरे आठवड्याला पुरेल तेवढं ठेवून बाकीचं सगळं कपाटातून बाहेर लोटायच्या. सोमवारी जे ओब्दुलियाने वाहून आत घातलं तेच शनिवारी वाहून बाहेर काढायचं आणि दारात वाटायचं. रांग लागायची. बाजारातले हमाल, आंधळा लॉटरीवाला, चार लेकरांची धुणंवाली, आणि सेगुंदो चांभार, जो रविवारपासून शनिवारपर्यंत कधी शुद्धीत नसे.

"मादरे, हे काय चाललंय?" ओब्दुलिया विचारायची. "आपण खानावळ काढलीय का?"

"उरलं ते आपलं नाही, ओब्दुलिया."

"मग उरू कशाला देता? खा. सिस्टर बेनिग्ना अंथरुणात वाळलीय, तिला घाला."

"तिला पुरतं तेवढं ती खाते. तू खाल्लंस ना?"

"खाल्लं."

"मग झालं तर."

आठव्या की नवव्या आठवड्यात दॉन एरिबेर्तोने चौकात सेगुंदो चांभाराला पाहिलं. सेगुंदो कारंज्याच्या कठड्यावर बसून बोटांनी मासे खात होता, आणि डबा एरिबेर्तोच्या ट्रकमधला होता. कुणीतरी म्हणालं, त्यातला एक मासा तो कुत्र्यालाही देत होता. एरिबेर्तो तसाच तडक मठात आला.

"मी ननांना दिलं, गावच्या दारुड्यांना नाही."

"आम्हाला दिलंत ना?" मादरेंचा आवाज नेहमीसारखाच, मऊ आणि थोडा खोकल्याचा.

"हो, तुम्हाला."

"मग आमचं झालं. आम्हाला पुरलं, उरलं ते पुढे गेलं."

"साठवून ठेवा. उद्याचं काय? परवाचं काय? कोठीला कुलूप नसेल तर मी देतो कुलूप."

"कुलूप लावलं की राखण आली, दॉन एरिबेर्तो. आम्ही सातजणी, त्यातल्या दोघी अंथरुणात. प्रार्थनेला बसायचं की कोठीच्या दारात?"

"तुम्हाला दिलेल्याची किंमत नाही."

"आहे. म्हणून तर सडू देत नाही."

ओब्दुलियाला वाटलं, त्या कपाटातून हात घालावा आणि म्हातारीचं तोंड धरावं. एवढा शहाणपणा कशासाठी? आत बसून नाकाने कांदे सोलायला काय जातंय? माणूस ट्रक भरून देतोय, त्याचं ऐकून घ्यायचं, मान डोलवायची आणि शनिवारचं वाटप जरा मागच्या दाराने करायचं. एवढं तर गावातल्या कुठल्याही बाईला कळतं. पण मादरेंना खोटं बोलता येत नव्हतं, आणि त्याला त्या गुण समजत होत्या.

सोमवारी ट्रक आला नाही. मंगळवारी दोन माणसं आली आणि पाटी उचकटून घेऊन गेली. भिंतीला चार भोकं राहिली.

कोठीत आठवड्याचं होतं ते आठवड्यात संपलं. मग घंटा वाजली, दोन अडीच महिन्यांनी पहिल्यांदा. ओब्दुलिया खुर्चीत बसली होती. ती उठली नाही.

बाजारात जायचं कुठल्या तोंडाने? पेत्रोनापुढे टोपली धरायची, जिला डोळ्याला बटाटे लागतात म्हणून सांगितलं होतं? आणि दुसरं म्हणजे तिला राग आला होता. त्यांनीच हाकलला ना ट्रक? त्यांचाच देव ना? मग या वेळी तिच्या गुडघ्यांशिवाय येऊन दाखवू दे त्याला. बावीस वर्षं फुकट श्रेय घेतोय.

पहिल्या दिवशी कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी परत घंटा वाजली. गल्लीतून जाणारी एक बाई थांबली, मनोऱ्याकडे बघून म्हणाली, "वाजवा, वाजवा, दॉन एरिबेर्तोला ऐकू जाईल," आणि गेली. कपाटातून ओब्दुलियाचं ताट आलं. त्यात गरम पाण्यात कालवलेलं सातूचं पीठ होतं, आणि ननांनी भाजलेल्या प्रसादाच्या पातळ पापड्यांच्या कातरलेल्या कडा.

तिसऱ्या सकाळी दॉन एरिबेर्तोचा ड्रायव्हर आला. त्याच्या मालकिणीचा, दोन्या पिएदादचा निरोप होता. स्वयंपाकीण सोडून गेलीय, ओब्दुलियाने यावं. पगार, पलंग, आणि पोटभर जेवण.

ओब्दुलियाने दोन झगे आणि शाल एका गाठोड्यात बांधली आणि कपाटावर टकटक केली.

"मादरे, मी जाते. लार्रेआंकडे काम मिळालंय."

ती वाट बघत राहिली. आतून काहीतरी यावं, एखादा टोमणा, कृतघ्न म्हणून एखादा शब्द, म्हणजे तिला बावीस वर्षांचं सगळं बोलून टाकता आलं असतं. वाक्यं तयार होती.

"जा, ओब्दुलिया," मादरे म्हणाल्या. "व्रत आमचं. तू कशाला उपाशी राहायचं? बावीस वर्षं राहिलीस तेच फार." मग खोकून म्हणाल्या, "शाल घेतलीस का? त्यांचं घर उंचावर आहे, तिथे वारा असतो."

तयार केलेली सगळी वाक्यं घेऊन ओब्दुलिया चढ चढली.

लार्रेआंच्या घरात कशाची कमतरता नव्हती, आणि सगळ्यांना सगळ्याची कमतरता होती. स्वयंपाकघरामागे कोठीची खोली होती, मठाच्या प्रार्थनाघराएवढी. तिला कुलूप. किल्ली दोन्या पिएदादच्या गळ्यात, क्रूसाच्या शेजारी. कांदा हवा असेल तरी मालकिणीला शोधत जायचं, ती यायची, कुलूप काढायची, स्वतः कांदा उचलायची आणि कुलूप लावायची. मग खेचून बघायची, लागलंय ना. आत छतापर्यंत पोती होती. तळातल्या पोत्यांत किडे झाले होते आणि वरच्यांतला तांदूळ वापरायची परवानगी नव्हती, कारण आधी तळातला संपवायचा होता.

"उद्या काय होईल सांगता येतं का?" दोन्या पिएदाद म्हणायची. "संप होतात, रस्ते बंद होतात. घरात असलेलं बरं."

"किडेसुद्धा तेच म्हणतात," ओब्दुलिया पुटपुटली.

"काय म्हणालीस?"

"काही नाही. निवडून घेते म्हटलं."

पहिले तीन दिवस ओब्दुलिया दोन्ही वेळा मांस जेवली. चौथ्या दिवशी पोट बिघडलं. जेवण वाढताना तिला टेबलावरचं बोलणं ऐकावं लागे, आणि ते बोलणं रोज तेच. शेजारच्या गावातल्या कुणा माणसाने जर्मन बनावटीची बस आणली होती. एरिबेर्तो सूप पिताना त्या बसबद्दल बोलायचा, मांस कापताना त्या बसबद्दल बोलायचा. मुलाला मोटार हवी होती, होती ती नको होती. सुनेला खाली किनाऱ्यावर घर हवं होतं. दोन्या पिएदादला झोप लागत नव्हती. जेवणाआधी एरिबेर्तो डोळे मिटून म्हणायचा, "प्रभू, तू दिलेल्या या अन्नाबद्दल तुझे आभार," आणि डोळे उघडून म्हणायचा, "हे मांस चिवट आहे."

एकदा तो ओब्दुलियालाच म्हणाला, "बघितलंस ना? त्या म्हाताऱ्यांना माणसाने किती द्यावं? समाधान म्हणून नाही."

ओब्दुलियाच्या हातात सूपचं भांडं होतं. तिला हसू आलं, आणि ते दाबताना थोडं सूप त्याच्या बाहीवर सांडलं. तिने माफी मागितली. मनापासून नाही.

खरं म्हणजे तिला राग येत होता तो स्वतःचा. पोट भरलेलं होतं, पलंग मऊ होता, आणि ती रोज सकाळी उठून कान देऊन ऐकायची, मनोऱ्यातली घंटा वाजते का. टेकडीवर वाऱ्याने काही ऐकू येत नसे.

आठव्या दिवशी दोन्या पिएदादने तिला बाजारात पाठवलं, कोथिंबीर आणायला, कारण कोथिंबीर कोठीत ठेवता येत नाही. ओब्दुलियाने बटाट्यांच्या बाजूने जायचं टाळलं होतं, पण पेत्रोनाने तिला गाठलंच.

"कोमाद्रे, मोठ्या घरचा वारा लागला म्हणे तुला."

"कोथिंबीर कुठे मिळेल ते सांग, बाकीचं राहू दे."

"सांगते. आधी तू सांग, ननांकडे आता कोण मागतं?"

"मला काय विचारतेस? घंटा आहे ना. तुम्ही ऐकत नाही?"

"ऐकतो की. आठवडाभर वाजत होती. मग परवापासून थांबली. मला वाटलं, मिळालं असेल त्यांना."

ओब्दुलियाने तिच्याकडे पाहिलं. "तू काही नेऊन दिलंस?"

"मी? मला वाटलं मिरचीवाली इमेल्दा देईल."

"इमेल्दा, तू?"

मिरच्यांमागून इमेल्दा म्हणाली, "मला वाटलं, दॉन एरिबेर्तो पुन्हा द्यायला लागला. आणि तू कुठे आलीस मागायला? तू येऊन दोन शिव्या दिल्यास की आम्हाला कळतं, खरंच संपलंय. नुसती घंटा काय, घंटा तर मयतीलाही वाजते."

घंटा थांबली होती म्हणजे दोर ओढायला कुणात जोर उरला नव्हता. ओब्दुलियाला हे तिथे उभ्याउभ्या कळलं आणि तिने दोन्या पिएदादची टोपली खाली आपटली. मग तिने तोंड सोडलं. बाजारातल्या बायका म्हणतात, तशी ती त्याआधी कधी बोलली नव्हती आणि नंतरही नाही. तिने पेत्रोनाला घेतलं, इमेल्दाला घेतलं, पाद्री आन्सेल्मोला आणि त्यांच्या कौलांना घेतलं, निलगिरीचं झाड तोडणाऱ्याला घेतलं, किनाऱ्यावर दुसरा संसार करणाऱ्या एका माणसालाही मध्येच घेतलं. "सगळ्यांना वाटलं," ती म्हणाली. "या गावात सगळ्यांना वाटतं. आणि सगळ्यांत शहाणी मी. मला वाटलं, देवाची परीक्षा घेऊ. उपाशी कोण, तर सिस्टर बेनिग्ना. परीक्षा कुणाची, तर देवाची. वा."

बोलून झाल्यावर ती बटाट्याच्या रिकाम्या पोत्यावर बसली. कुणी हसलं नाही.

"बटाटे सकाळीच गेले माझे," पेत्रोना म्हणाली. "मागे भोपळे आहेत. माझ्या भावाच्या शेतातले. यंदा सगळ्यांकडेच भोपळे आले, कुणी घेत नाही. गाढवाला घालणार होते."

"किती आहेत?"

"तुझ्याने उचलवायचे नाहीत इतके."

भोपळे पेत्रोनाच्याच गाढवावर लादून त्या दोघी मठाच्या गल्लीत आल्या. इमेल्दाने वर मीठ, मिरच्या आणि गुळाची एक ढेप टाकली होती. कोथिंबीर राहिली ती राहिलीच.

ओब्दुलियाने कपाटावर टकटक केली. बराच वेळ कुणी आलं नाही. मग सरपटत चालल्यासारखी पावलं आली.

"मारियेचा जय असो," मादरेंचा आवाज आला. इतका बारीक की ओब्दुलियाला आधी ओळखू आला नाही.

"असो, असो. मी आहे. मागे सरका, सामान येतंय."

पण भोपळा कपाटात बसेना. आडवा घालून पाहिला, उभा घालून पाहिला. पेत्रोनाने ढकलून पाहिला. शेवटी गल्लीतल्या न्हाव्याकडून कोयता आणून ओब्दुलियाने मठाच्या दारातच भोपळे फोडायला घेतले. बियांचा सगळीकडे राडा. एक एक फोड कपाटात ठेवायची, फिरवायची. आतून कुणीतरी उचलायचं, ठेवायचं, परत फिरवायचं. पाच सहा फेऱ्या झाल्यावर आतून खोकल्यासारखा आवाज आला. ओब्दुलियाने कान दिला. म्हातारी हसत होती.

"काय झालं हसायला?"

"आज सकाळी सिस्टर बेनिग्ना म्हणाली, मादरे, देवाला सांगा, थोडंच दे पण मऊ दे, मला दात नाहीत."

"हे काही थोडं नाही. अख्खं गाढव भरून आहे."

"देवाने दिलं."

"देवाने नाही, पेत्रोनाने. आणि तेसुद्धा विकलं गेलं नाही म्हणून."

"त्यालाच तर मी देवाने दिलं म्हणते," मादरे म्हणाल्या.

ओब्दुलियाने कोयता खाली ठेवला. तिच्याकडे यावर उत्तर होतं, पण ते सोडून ती हाताला चिकटलेल्या बिया पुसत बसली. पेत्रोना गाढवाचा पट्टा उगाचच सोडून परत बांधत होती.

"मादरे, चूक झाली," शेवटी ओब्दुलिया म्हणाली. "घंटा ऐकूनसुद्धा मी बसून राहिले. मुद्दाम."

"मला माहीत आहे. तुझी खुर्ची वाजली नाही. तू उठलीस की ती वाजते."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? मलाही तुझा राग आला होता. दोन दिवस मी प्रार्थनेत देवाकडे तुझीच तक्रार करत होते. भाकरी मागायची विसरले." त्यांनी परत खोकून घेतलं. "ओब्दुलिया, चूल पेटवायला लाकडं ओली आहेत. फुंकायला कुणाच्या छातीत दम नाही."

नियमाप्रमाणे बाहेरच्या बाईने आत जायचं नाही. पण मठाच्या दाराचा अडसर त्या दिवशी निघाला, आणि ओब्दुलिया आत जाऊन चूल पेटवून आली. आत काय पाहिलं हे तिने पेत्रोनाला सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "कोठी आहे ना त्यांची, तिला दारच नाहीये. कुलूप काय कपाळाला लावणार होता तो."

नऊ दिवस मठात भोपळा शिजला. पहिल्या दिवशी मीठ मिरची घालून पातळ, दुसऱ्या दिवशी गूळ घालून, तिसऱ्या दिवशी सातूच्या पिठात. मग पुन्हा पहिल्यापासून. बिया भाजून वेगळ्या खाल्ल्या. पाचव्या दिवशी ओब्दुलिया कपाटाला म्हणाली, "तुमच्या देवाला सांगा, दुसरी भाजीपण असते जगात." आतून मादरे म्हणाल्या, "सांगितलं. तो म्हणतो, आधी हे संपवा." सिस्टर बेनिग्ना अंथरुणात उठून बसायला लागली. ननांना पुरून उरेल इतका भोपळा होता, म्हणून शनिवारी तो वाटला, आणि सेगुंदो चांभाराने तोंड वाकडं करून मासे कुठे गेले म्हणून विचारलं. ओब्दुलियाने त्याला असं काही उत्तर दिलं की तो दोन दिवस शुद्धीत होता.

ओब्दुलियाची भक्ती वाढली, असं कुणी म्हणत असेल तर तिला विचारून म्हणावं. ती पूर्वीसारखीच टोपली घेऊन बाजारात भांडते, पूर्वीसारखीच देवाला नावं ठेवते. फक्त आता ती घंटेची वाट बघत नाही. आदल्या दिवशीच जाऊन येते. नियम ननांना आहे, तिला नाही. मादरेंना हे कळलेलं आहे आणि त्या काही बोलत नाहीत. नियमावरून मादरे पहिल्यांदाच गप्प बसल्या, असं पाद्री आन्सेल्मो म्हणतात, पण त्यांनी बोलू नये. संगमरवरी पाटी आता त्यांच्या चर्चच्या दारावर आहे.

भोपळ्याच्या नवव्या दिवशी, दुपारी, ओब्दुलिया पायरीवर बसून जेवत होती. मांडीवर ताट, ताटात भोपळा. लार्रेआंचा ड्रायव्हर गाडी थांबवून खिडकीतून म्हणाला, "मालकीण विचारतात, कोथिंबीर कुठपर्यंत आलीय? म्हणतात, परत ये. पगार वाढवून देतील. कोठीची किल्लीसुद्धा देतील म्हणाल्या, दिवसा."

ओब्दुलियाने ताटातला शेवटचा घास बोटांनी गोळा केला, खाल्ला, आणि बोटं चाटली.

"सांग त्यांना," ती म्हणाली, "माझं जेवण झालंय."